रक्ताची साक्ष



आम्ही शिक्षक, वैद्य नव्हे. परंतु थोड्याशा रक्तावरून स्तनाचा कर्करोग वेळीच ओळखता येईल काय, असे विद्यार्थिनींच्या माता आम्हांस विचारतात. म्हणून हा विषय घेतला आहे.

अमेरिकेतील हिस्पॅनिक स्त्रियांचे, म्हणजे मेक्सिको, क्यूबा आदी स्पॅनिशभाषी मुलुखांतून आलेल्या घराण्यांतील स्त्रियांचे उदाहरण पाहा. तेथील गौरवर्णीय स्त्रियांपेक्षा त्यांना हा रोग कमी होतो. तरीही त्यांच्यात कर्करोगाने जे मृत्यू होतात, त्यांत पहिला क्रमांक याच रोगाचा. तो ध्यानात येतो तोवर पुष्कळदा पुढच्या पायरीवर गेलेला असतो. विमा नसणे, भाषेची अडचण, मजुरी बुडण्याची धास्ती, अशी कारणे त्यामागे आहेत. अशा स्त्रीस रक्ताची सोपी तपासणी मिळाली, तर केवढा उपकार होईल!

पण रक्ताची साक्ष अजून पक्की नाही. सीए १५-३ हे प्रथिन पसरलेल्या रोगावर नजर ठेवण्यास उपयोगी पडते. आरंभी मात्र ते बहुधा वाढलेलेच नसते. गाठीतून रक्तात उतरणारे डीएनएचे तुकडेही गाठ लहान असता फार थोडे सापडतात.

थोडे गणित करू. समजा, १००० स्त्रियांत ५ जणींस रोग आहे आणि तपासणी दर १०० निरोगी स्त्रियांत ५ जणींविषयी चुकते. तर सुमारे ५० निरोगी स्त्रियांच्या जिवाला घोर लागेल.

शिवाय रक्तारक्तांत भेद आहे. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांकडून वारशाने आलेला एक जनुकभेद या रोगाचा धोका कमी करतो, असे २०१४ साली हिस्पॅनिक स्त्रियांच्या अभ्यासातून प्रसिद्ध झाले. केवळ युरोपीय वंशाच्या स्त्रिया तपासल्या असत्या, तर तो सापडता ना. म्हणून जिच्यासाठी कसोटी करावयाची, तिचेच रक्त आधी अभ्यासले पाहिजे. गरिबाला संशोधनातून वगळून त्याच्यासाठी औषध शोधता येत नाही.

तोवर मॅमोग्राफीस पर्याय नाही. अमेरिकेतील तज्ज्ञ मंडळाने २०२४ साली ती ४० ते ७४ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी करावी, अशी शिफारस केली. आणि भगिनींनो, गाठ हातास लागली तर रक्ताचा अहवाल चांगला आहे म्हणून स्वस्थ बसू नका. डॉक्टरांस दाखवा, आणि लाजेपायी दिवस घालवू नका, एवढीच आमची विनंती.