शाळेचे दिवस, शिक्षकांचे ऋण



7 नोव्हेंबर 1900 रोजी बाबासाहेबांचे नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात दाखल झाले. 2017 पासून हा दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्या निमित्ताने शाळेविषयी चार शब्द बोलतो.

शाळकरी वयात बाबासाहेबांना वर्गात वेगळे, घरून नेलेल्या गोणपाटावर बसावे लागे. तरीही काही शिक्षकांच्या आठवणी त्यांनी मायेने सांगितल्या. आंबेडकर मास्तर मधल्या सुटीत आपल्या डब्यातली भाजीभाकरी त्यांना देत. पावसात चिंब भिजून आलेल्या भिवाला पेंडसे मास्तरांनी आपल्या घरी पाठवून गरम पाण्याने आंघोळीची सोय केली. 1907 साली ते मॅट्रिक झाले, तेव्हा कृ. अ. केळुसकर या शिक्षकाने स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. एक भाकरी, एक घंघाळ पाणी, एक पुस्तक! देणाऱ्याला थोडे वाटले असेल. घेणाऱ्याने जन्मभर लक्षात ठेवले.

आमच्या वाट्यालाही अशी माणसे आली. 1994 साली वस्तीजवळ नवे हायस्कूल निघाले आणि आम्ही आठवीच्या पहिल्या तुकडीत बसलो. पत्र्याचे शेड, शेणाने सारवलेली जमीन, एकच फळा. पाऊस लागला की पत्र्यांच्या आवाजात सरांचा शब्द ऐकू येत नसे. मग ते फळ्यावर लिहीत आणि आम्ही उतरवून घेत असू. शाळा विनाअनुदानित होती. शिक्षकांना पगार म्हणून काय मिळत असेल, हा विचार त्या वयात आमच्या मनाला शिवला नाही. आज शिवतो, आणि मान खाली जाते.

गणिताचे सर सकाळी सातला जादा तास घेत, एक पैसाही न घेता. मराठीच्या बाई आमचे निबंध घरी नेऊन तपासत आणि समासात लाल शाईने प्रश्न लिहीत, “हे तू स्वतः पाहिलेस का?” आमच्या वर्गातली एक मुलगी नववीत यायची थांबली. घरी लग्नाची बोलणी सुरू झाली होती. मुख्याध्यापक सर सलग तीन संध्याकाळी तिच्या घरी जाऊन बसले. रागावले नाहीत, भाषण केले नाही. “दहावीपर्यंत तिला माझ्या हवाली करा,” एवढेच म्हणत राहिले. तिसऱ्या दिवशी तिचे वडील तयार झाले. ती मुलगी दहावी झाली आणि पुढे परिचारिका झाली. शाळा दूर असती, तर सरही गेले नसते आणि तीही आली नसती.

मित्रहो, 1945 साली बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. 1950 साली त्या वेळच्या औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले. पुढे त्याला नाव मिळाले मिलिंद, आणि त्या परिसराला नागसेनवन. मिलिंद हा प्रश्न विचारणारा राजा, नागसेन हे उत्तर देणारे भिक्खू. शाळा कशी असावी, हे त्या दोन नावांतच सांगून ठेवले आहे. विचारणाऱ्याला भीती वाटू नये, आणि उत्तर देणाऱ्याला कंटाळा येऊ नये.

आज शिकवण्या पुष्कळ, पुस्तके पुष्कळ. पण नववीत अचानक यायचा थांबलेला मुलगा आपल्या वस्तीतही आहे. त्याच्या दारात कोण जाऊन बसणार? शिक्षकांवर सगळा भार टाकून आपल्याला मोकळे होता येणार नाही. आपल्या सभासदांपैकी प्रत्येकाने अशा एका मुलाचे किंवा मुलीचे घर आपले मानावे. आठवड्यातून एक संध्याकाळ तिथे जावे, वहीवर नजर टाकावी, आईवडिलांशी बोलावे. यासाठी फार पैसा लागत नाही, वेळ लागतो. आणि विद्यार्थी मित्रहो, तुमच्या बाकावरचा सोबती दोन दिवस दिसला नाही, तर तिसऱ्या दिवशी त्याच्या घरी जा. शिक्षकांचे ऋण हारतुऱ्यांनी फिटत नाही. ते असेच पुढच्याला देऊन फिटते.

जयभीम! नमो बुद्धाय!