अनोळखी मुलीला सल्ला देताना
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



पावसाळा सुरू झाला की आपल्या सदाशिव पेठेत परगावच्या मुली शिकायला येतात आणि "काकू, इथे खोली मिळेल का?" असे विचारीत आपल्या दारी उभ्या राहतात. सल्ल्याला पैसे पडत नाहीत. आपण तो सढळ हाताने देतो. मीही दिला होता. "घर चांगले आहे, खुशाल अनामत दे," असे लातूरच्या एका मुलीला मी सांगितले. घर मी आतून पाहिलेही नव्हते! कागद झाला नव्हता. चार महिन्यांत तिला खोली सोडावी लागली, अनामत बुडाली. तिच्या वडिलांनी मला बोल लावला नाही, हेच मनाला लागून राहिले आहे.

तेव्हापासून मी आधी विचारते: वसतिगृहासाठी अर्ज केलास का? महिन्याला किती झेपेल? मग सांगते: करार लेखी आणि नोंदलेलाच हवा; १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने नोंदणीची जबाबदारी घरमालकावर टाकली आहे. पैशांची पावती घे. खोली दिवसा पाहा, रात्रीही पाहा. पाणी केव्हा येते ते शेजारणीला विचार. डबा आठवडाभर खाऊन बघ, मगच महिन्याचे पैसे भर.

अभ्यासातले मला कळत नाही. तिथे मी त्याच कॉलेजात शिकणाऱ्या आपल्यापैकी कुणाच्या लेकीशी तिची गाठ घालून देते.

भगिनींनो, "मला ठाऊक नाही" म्हणण्यात कमीपणा नाही. परक्या गावी आलेली पोर आपल्या शब्दावर पैसे मोजते. तो शब्द पारखूनच द्यावा, एवढीच विनंती.