भणंग राजाचा रंगीत वारसा

१९३० सालीं पॅरामाउंट कंपनीचा ‘द व्हॅगाबॉण्ड किंग’ हा संगीत बोलपट पडद्यावर आला, तेव्हां बोलपटाचें वय जेमतेम तीन वर्षांचें होतें. त्याचा नायक पंधराव्या शतकांतील फ्रेंच कवि फ्रान्स्वा व्हियों. इटलींत विद्येच्या पुनरुज्जीवनाची पहांट उजाडली असतां पॅरिसचा हा कवि चोरट्यांच्या संगतींत दिवस काढीत होता. १४६३ मध्यें त्याची फांशी रद्द होऊन दहा वर्षांची हद्दपारी झाली. पुढें इतिहासाला त्याचा पत्ता नाहीं. चित्रपटांत मात्र हाच भणंग अकराव्या लुई राजाच्या मर्जीनें अधिकारावर चढतो आणि पॅरिस वांचवितो. रुडॉल्फ फ्रिमलचें संगीत १९२५ च्या संगीतिकेंतलें; भूमिका डेनिस किंग व जेनेट मॅक्डोनल्ड यांच्या.

त्या वेळच्या टेक्निकलर पद्धतींत तांबडा व हिरवा एवढेच दोन रंग टिपले जात. खरें निळें आकाश त्यांत उतरत नसे. परंतु मशालींचा उजेड आणि मुद्रेवरील कांति मोठी मोहक दिसे.

संग्राहकांना अशा चित्रपटाची ओढ वाटते ती त्याच्या दुर्मिळपणामुळें. प्रेक्षक लौकरच संगीतपटांना विटले, पुढें तीन रंगांची पद्धत आली, आणि जुन्या प्रतींना कोणी विचारीना. शिवाय त्या काळची फीत नायट्रेटची : क्षणांत पेटणारी, पाण्यांतहि न विझणारी, आणि न जळली तरी कालांतरानें कुजणारी. ‘गोल्ड डिगर्स ऑफ ब्रॉडवे’ (१९२९) या रंगीत बोलपटाचे आज कांहीं तुकडेच उरले आहेत.

जाहिरातीचीं चित्रें आणि गाण्यांचीं छापील पुस्तकें कपाटांत जपून ठेवलीं तर टिकतात व त्यांचें मोलहि वाढतें. फितीचें तसें नाहीं. सोनें पुरलें तर सोनेंच राहतें. कोंडलेल्या फितीची अखेर तपकिरी भुकटी होते. तिला थंड, कोरडी जागा हवी, आणि वेळींच नवी प्रत काढणारा जाणता हात हवा. ‘व्हॅगाबॉण्ड किंग’ला तो लाभला : लॉस एंजलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या चित्रपट-संग्रहालयानें त्याचें रंगीत रूप पुन्हा सिद्ध केलें.

श्रोत्यांपैकीं कोणाच्या माळ्यावर जुन्या फितीचा डबा असेल, तर त्यानें तो दिव्याजवळ उघडूं नये. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवावें. १९३१ च्या ‘आलम आरा’ची एकहि प्रत आज उपलब्ध नाहीं.