मनोरा आणि सातबारा

धरणात किंवा रस्त्यात जमीन गेली की सातबाऱ्यावरचे नाव जाते आणि मोबदला मिळतो. विजेच्या मनोऱ्याचे तसे नाही. नाव आपलेच राहते, शेतसाराही आपणच भरायचा, पण जमीन पहिल्यासारखी राहत नाही.

याचे मूळ 1885 च्या तार कायद्यात आहे. इंग्रजांनी तारायंत्राचे खांब रोवण्यासाठी घेतलेले अधिकार 2003 च्या वीज कायद्याच्या कलम 164 नुसार वीजवाहिन्या टाकणाऱ्यांनाही देता येतात. 2013 च्या जुलैत आपली तारसेवा बंद झाली, पण ते अधिकार अजून बांधावर येतात. असा अधिकार हाती असला की मालकाची आधी संमती लागत नाही. कायदा म्हणतो, जमिनीवर मालकी नाही, फक्त वापराचा हक्क. मी शब्दांत वावरणारा माणूस. 'वापर' हा शब्द मला खटकतो. शेजाऱ्याने वापरायला नेलेला बैल संध्याकाळी गोठ्यात परत येतो. मनोरा कोण परत नेणार?

आता हिशेब पाहा. मनोऱ्याचे चार पाय गुंठा-दोन गुंठे अडवतात. पण 400 केव्हीच्या वाहिनीखाली साधारण 46 मीटर रुंदीचा पट्टा धरतात. शंभर मीटर तार शेतावरून गेली तरी 4600 चौरस मीटर, म्हणजे एकरापेक्षा जास्त रान तिच्याखाली येते. तिथे ज्वारी, कांदा पिकतो. आंबा वाढू देत नाहीत, घर बांधता येत नाही, उसाचे पाचट पेटवणे धोक्याचे. उद्या मुलीच्या लग्नासाठी ते रान विकायला काढले तर गिऱ्हाईक आधी वर बघते.

पूर्वी पीक आणि झाडांची भरपाई देऊन विषय संपत असे. 2015 मध्ये केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी मनोऱ्याखालच्या जमिनीसाठी मूल्याच्या 85 टक्के आणि तारेखालच्या पट्ट्यासाठी जास्तीत जास्त 15 टक्के रक्कम धरली. जून 2024 च्या सूचनांत हे आकडे 200 आणि 30 टक्के झाले. या सूचना राज्यांनी स्वीकारायच्या असतात, म्हणून आपल्या कामाला कोणता दर लागू आहे ते जिल्हाधिकारी कार्यालयातून लेखी मागून घ्यावे. रक्कम अपुरी वाटली तर जिल्हा न्यायाधीशांकडे दाद मागता येते. माझ्या मते खरे भांडण पट्ट्याच्या टक्क्यांवर व्हायला हवे. लोक मनोऱ्यावर हुज्जत घालतात, कारण तो दिसतो.

वीज नको, असे कुणी म्हणत नाही. राजस्थान-गुजरातच्या उन्हावर तयार झालेली वीज आपल्या कारखान्यांपर्यंत आणायची तर वाहिन्या लागणारच. पण तारेला वळण देणे महाग पडते, वळणाचा मनोरा भारी बांधावा लागतो. म्हणून नकाशावरची रेघ होईल तितकी सरळ ओढतात. एकाच्या विहिरीवरून ती हटवली की दुसऱ्याच्या बागेवर जाते, आणि दोन भावांसारखे शेजारी बोलेनासे होतात. मार्गाच्या जाहिरातीत गावांची नावे येतात तेव्हाच सगळ्या गावाने मिळून नकाशा मागावा. खड्डे खणल्यावर फार थोडे हलवता येते.

आणखी एक. भरपाई सातबाऱ्यावरच्या नावाने निघते. घर देशमुखांचे असो की मुलाण्यांचे, कितीतरी उताऱ्यांवर बहिणींची नावे लागलेलीच नसतात. पंचनाम्याला साहेब येण्याआधी तलाठ्याकडे जाऊन वारसनोंद करून घ्या.