पोटातली कळ आणि भांगेची गोळी

जो विषय आपल्याकडे माजघराबाहेर येत नाही त्यावर मी आज बोलणार आहे. मी डॉक्टर नव्हे. कॉलेजात इतिहास शिकवतो. पण प्रश्न माझ्या दारात येऊन उभा राहिला. शिंदखेड्याजवळच्या एका गावच्या बाई आपल्या मुलीला घेऊन आल्या. मुलगी माझ्याच वर्गातली, हुशार. पण दर महिन्याला तीन-चार दिवस गैरहजर. परीक्षेत एक पेपर अर्धा टाकून ती उठून गेली होती, आणि मी मात्र ‘अभ्यास झाला नसेल’ असे धरून चाललो होतो. बाई म्हणाल्या, "सर, पाळीत पोरगी जमिनीवर लोळते. शेजारीण सांगते, दुधातून भांग दे, कळ मरते. देऊ का?"

मी एकदम ‘नको’ म्हटले नाही. शेजारणीचे म्हणणे अगदीच वेडगळ नव्हते. भांग, म्हणजे आयुर्वेदातली विजया, वैद्यांच्या वापरात फार जुनी आहे. १८३९ साली ओशॉनेसी नावाच्या डॉक्टरने कलकत्त्यात तिच्यावर प्रयोग करून निबंध लिहिला आणि ही वनस्पती विलायतेच्या औषधशाळांत गेली. व्हिक्टोरिया राणीच्या पदरी असलेल्या रेनॉल्ड्स या डॉक्टरांनी १८९० मध्ये ‘लॅन्सेट’ या साप्ताहिकात लिहिताना, पाळीच्या दुखण्यात ती उपयोगी पडते असे नोंदवले. (राणी स्वतः ती घेत असे, ही मात्र नुसती वदंता, पुरावा नाही.) पुढे १८९३-९४ मध्ये सरकारने खास आयोग नेमून भांग, गांजा, चरस यांची हिंदुस्थानभर चौकशी केली. अकराशेंहून अधिक साक्षीदार तपासले, आणि सरसकट बंदीची गरज नाही असा निष्कर्ष काढला.

आता दुखण्याकडे वळू. पाळीत थोडे दुखणे निराळे आणि अंथरुणातून उठवू न देणारी कळ निराळी. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखा थर कधीकधी बाहेर, बीजकोशावर किंवा आतड्याजवळ वाढतो. दर महिन्याला तोही सुजतो, त्यातून रक्त सुटते, आणि त्याला बाहेर पडायला वाट नसते. डॉक्टर याला एंडोमेट्रिओसिस म्हणतात. जगातल्या पाळीच्या वयातील दर दहा बायकांत एकीला हा आजार असतो असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. तरी निदान व्हायला पुष्कळदा कित्येक वर्षे जातात. कारण आई म्हणते, आम्हालाही दुखायचे. सासू म्हणते, मूल झाले की थांबेल. आणि आम्ही मास्तर म्हणतो, ढोंग. सोनोग्राफीत काही दिसले नाही म्हणजे काही नाहीच, असेही समजू नये.

मग भांगेने गुण येतो का? आपल्या शरीरातच भांगेसारखे एक द्रव्य तयार होते. १९९२ साली ते हाती लागले, तेव्हा शोधणाऱ्यांनी आपल्या ‘आनंद’ शब्दावरून त्याला ‘आनंदामाइड’ असे नाव दिले! ते जिथे काम करते त्या जागा मेंदूत आहेत तशा गर्भाशयातही आहेत. तेव्हा कळ कमी होणे शक्य कोटीतले आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील एका पाहणीत या आजाराच्या सुमारे पाचशे बायकांना विचारले. दहात एकीहून जरा जास्त जणी गांजा वापरत होत्या आणि त्यांतल्या बहुतेकींनी आराम पडतो असे सांगितले. पण हे झाले सांगणे. निम्म्या जणींना औषध आणि निम्म्यांना तसेच दिसणारे काही निराळे देऊन पडताळा पाहणे, असे मोठे प्रयोग या आजारात झालेले नाहीत. शिवाय भांग कळ दाबील, आत वाढणारा थर थांबवते असे सिद्ध नाही. कोवळ्या वयात तिची सवय जडते, कुणाकुणाचे डोके बिघडते, आणि गरोदरपणात ती घेऊच नये.

कायदाही ऐकून ठेवा. १९८५ च्या कायद्याने गांजा लावणे हा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरीचा गुन्हा आहे. तापीपलीकडे शिरपूरच्या बाजूला पोलीस उभी झाडे उपटतात, हे आपण वर्तमानपत्रात वाचतोच. पानांची भांग त्या कायद्यातल्या गांजात मोडत नाही, पण राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा तिलाही लागतो. विजयेची आयुर्वेदिक औषधे परवान्याने तयार होतात. ती वैद्याच्या चिठ्ठीने घ्यायची. जत्रेतल्या गोळीत काय आणि किती आहे, हे विकणारालाही ठाऊक नसते.

हे सारे मी बाईंना सांगितले आणि म्हटले, "ताई, भांग राहू द्या. आधी धुळ्याला स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. पाळीच्या तारखा, किती दिवस दुखते, शौचाला बसताना दुखते का, हे वहीत लिहून न्या." तीन महिन्यांची वही घेऊन माय-लेकी गेल्या. डॉक्टरांनी वही नीट वाचली, तपासले, आणि हार्मोनच्या गोळ्या सुरू केल्या. ‘लग्नाआधी असल्या गोळ्या कशाला’ म्हणून घरात आठ दिवस वाद झाला. शेवटी बाईंनीच तो मिटवला. कळ साफ गेली असे नाही. पण या खेपेला ती तीन तास बसली, आणि माझ्या पेपरला पुरवणीही मागितली.