कुजका ओंडका राहू द्या

गेल्या पावसाळ्यात आमच्या गटानं बांधावरचा आंब्याचा कुजका बुंधा फोडला. आत पांढऱ्या, वाकड्या अळ्या. ‘हुमणी’ म्हणत आम्ही सगळ्या मारल्या. नंतर कळलं, आमची घाई झाली.

हुमणी उसाची, भुईमुगाची जिवंत मुळं खाते. पण काही भुंग्यांच्या अळ्या कुजकं लाकूडच खातात, त्याची माती करतात. युरोपात ‘लुकॅनिडी’ कुळातला असा मोठा भुंगा आहे. नराची शिंगं म्हणजे खरं तर त्याचे जबडे. अळी जमिनीतल्या कुजक्या लाकडात ३ ते ७ वर्षं वाढते. भुंगा झाल्यावर मात्र एकच उन्हाळा जगतो. म्हणून इंग्लंडमध्ये लोक परसात मुद्दाम ओंडके पुरून ठेवतात. एक बुंधा जाळला, तर इतक्या वर्षांची वाढ एका चुलीत जाते.

आम्ही आता ठरवलंय : अळी पिकाच्या मुळाशी असेल तर हुमणीचा उपाय करायचा. कुजक्या लाकडात असेल तर झाकून ठेवायचं. जवळ नारळ असतील तर मात्र गेंड्या भुंगा असू शकतो. आधी कृषी सहायकांना दाखवायचं. सरपण लागतंच, पण बांधावरचा एक ओंडका राहू द्यायचा. तुमच्या गटातही बोलून बघा.