बोरघाटातले निनावी पूर्वज

श्रोतेहो, लोणावळ्याकडे गाडीने येताना आपण धबधबे पाहतो. ही वाट खोदणारे कोठे निजले, हे विचारीत नाही. बोरघाटाचे काम १८५६ साली सुरू झाले, १८६३ साली गाडी धावली. मधल्या काळात एका वेळी ४०,००० वर मजूर राबत होते. पटकीने माणसे पटापट दगावली. बहुतेकांच्या उशाशी नावाचा दगड बसला नाही.

‘खापरपणजा घाटाच्या कामावर गेला, तो परत आलाच नाही,’ एवढेच घरात सांगत असतील, तर शोध तिथूनच धरा. म्हातारीकोतारी आहेत तोवर विचारून घ्या. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वह्यांतली वंशावळ पहा. गुरुजी, मुलांकडून ती लिहवून घ्या. जागा सापडेलच असे नाही, नाव सापडेल. तिथी ठाऊक नसलेल्यांसाठी सर्वपित्री अमावास्या आहेच. तिला थडग्याचा पत्ता लागत नाही.